मुठेमामांची माफी

मुठेमामा गेल्याचं मला ग्रुपवरून कळलं. सकाळी कुणीतरी त्यांचा फोटो टाकला, राजूरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला, आणि खाली एक ओळ. फोटो कडेनं कापलेला होता. डाव्या बाजूला हिरव्या बांगड्यांचा अर्धा हात तेवढा उरला होता. त्यानंतर दुपारपर्यंत नुसते जोडलेले हात, एकाखाली एक. श्रद्धांजलीचे दोन शब्दही एकानंच टाइप केले, बाकीच्यांनी ते उचलून पुढं सरकवले. त्या हातांच्या मधेच एकानं विचारलं की दीड एचपीच्या मोटारीला कपॅसिटर कितीचा टाकू. त्याला मात्र सहा जणांनी स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं.

मला किळस आली. मी बोटानं सरकवत सरकवत दीड वर्ष मागं गेले आणि नंबर ताडून बघितले. हात जोडणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त तेच होते, ज्यांनी तेव्हा कुत्र्यांची चित्रं टाकली होती. ती चित्रं अजून तिथंच आहेत.

त्या चित्रांना निमित्त माझं वाक्य होतं. हे लपवून मामांबद्दल लिहिता येणार नाही, म्हणून आधीच सांगते.

ग्रुप आमच्या जिल्ह्यातल्या मोटारी भरणाऱ्यांचा. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. ग्रुपवर वायरमन, पंपाचे फिटर, स्टार्टरवाले असे पुष्कळ जण आहेत. बाई मी एकटी. नगरच्या एमआयडीसीत पंपाचे पॅनल तपासायचं माझं काम, राहते सावेडीत, शिक्षण इलेक्ट्रिकलची बी.ई. आमच्या पाथर्डीकडच्या वस्तीवर माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. डिग्रीचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. ग्रुपवर माझ्या नावाआधी 'इंजि.' आहे, ते मी मुद्दाम लिहिलेलं आहे.

मामांच्या नावाआधी काही नव्हतं. नावच नव्हतं, नुसता नंबर आणि मारुतीचा फोटो. पण त्यांचा आवाज सगळे ओळखायचे. मामा टाइप करत नसत. सातवीपर्यंत शिकलेले होते, अक्षर सुरेख होतं, दुकानाच्या भिंतीवर खडूनं गिऱ्हाइकांची नावं त्यांनीच लिहिलेली असत. ग्रुपवर मात्र फक्त व्हॉइस. सुरुवात ठरलेली: "ऐका मंडळी, राजूरवरनं मुठे बोलतोय. घाई न्हाई." मागं कोंबडा, हातोडी, एसटीचा हॉर्न. मी एकदा विचारलं होतं, लिहीत का नाही. तर म्हणाले, लिवायला बसलं का मानूस शहाना व्हतो, आन मोटार ऱ्हाती बाजूला.

बोलता बोलता मधेच ते गप्प व्हायचे. आपल्याला वाटायचं फोन बंद पडला. मग हळूच 'त्रेसष्ट' असं ऐकू यायचं आणि बोलणं पुढं सुरू. हातानं तार भरताना फेरे मोजावे लागतात, त्यात चूक चालत नाही. फेरे चालू असताना कुणी दुकानात आलं तर मामा मान वर न करता नुसता पंजा दाखवायचे. पंजा खाली येईपर्यंत समोरच्यानं थांबायचं. राजूरचे लोक सांगतात, एकदा चुलतभाऊ मुलीचं लग्न जमल्याची बातमी घेऊन आला. त्यालाही पंजा. बहात्तर फेरे झाले, गाठ मारली, मग उठून त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. तोवर तो बिचारा पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा.

मामांचं नाव झालं होतं ते वासावरून. मोटार न उघडता नुसत्या वासावर ते बिघाड सांगायचे आणि दुसऱ्यालाही तेच शिकवायचे. नेवाशाच्या एकानं विचारलं होतं, मोटार खोलू का. मामांचा व्हॉइस आला: "आदी खोलू नको. वायरी जोडल्यात तिथलं झाकन काढ, नाक लाव. भाजक्या शेंगांचा वास येतो का करपल्या तुपाचा? शेंगांचा आला तर तार तापलीय. तुपाचा आला तर बेरिंगचं ग्रीस जळलंय, तारंला हात लावू नको."

दोन मिनिटांनी त्याचं उत्तर, मामा, वड्याचा येतोय.

"मंग शेजारी हाटेल आसंल. वडं सपल्याव परत बघ."

शेंगा, तूप, ओलं गोणपाट, हिरवी चिंच, जळका केस. अशी त्यांची वासांची यादीच होती. आम्ही हसायचो आणि लक्षातही ठेवायचो. हे शब्द चुलीपाशी आणि खळ्यावर वावरलेल्या माणसाचे आहेत, मोटारीपाशी बसलेल्याचे नाहीत, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात कधी आलं नाही.

आणखी एक गोष्ट फक्त मामाच करायचे. आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त दिसणारी ओळ कोणती, तर 'हा मेसेज डिलीट केला आहे'. सल्ला चुकला, कुणाचं नुकसान झालं, की लोक आपलं लिहिलेलं पुसतात आणि गप्प बसतात. मामांच्या सल्ल्यानं एकदा राहुरीच्या एका शेतकऱ्याची मोटार जळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉइस: "ऐका मंडळी, राजूरवरनं मुठे बोलतोय. राहुरीची मोटार जळली ती माज्यामुळं. ती स्टार जोडनीची हुती, मी डेल्टा जोडनी करा म्हनलो. मोटारीवरची पाटी न इचारता बोल्लो. पाटी आदी इचारायची." संपलं. त्यात 'असेल तर' नव्हतं, 'गैरसमज' नव्हता. त्याच दिवशी पिशवीत तार घालून ते एसटीनं राहुरीला गेले आणि त्या माणसाच्या अंगणात बसून मोटार भरून आले.

हे मी ऐकलेलं होतं. तरी वेळ आली तेव्हा मला काही आठवलं नाही.

त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. एका फिटरनं मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, न लावता, नुसत्या अंदाजानं, आमचं चांगलं पॅनल खराब ठरवून परत पाठवलं होतं आणि ऐकून मी घेतलं होतं. घरी येऊन ग्रुप उघडला तर मामांचा नवा व्हॉइस, वासावरनं सांगतो म्हणून. मी लिहिलं: "अंदाजावर अजून किती दिवस काढणार? मेगर लावा, आकडा टाका. वास घ्यायला दुकानात काय कुत्रं पाळलंय का?"

लिहिताना मी हसत होते. मामांना लिहीत होते, आणि तेही त्यांच्या पद्धतीबद्दल. एरवी त्यांची थट्टा चालायची, तीही ते हसून घ्यायचे.

पाच मिनिटांत कुत्र्यांची चित्रं सुरू झाली. पंपाचा वास घेणारं कुत्रं, मोटारीवर पाय वर केलेलं कुत्रं, लुगडं नेसलेलं कुत्रं. हे लुगडं कशाला, ते मला कळलं नाही. 'मॅडमनी हाणलं' असं आठ-दहा जणांनी लिहिलं. एरवी माझ्या उत्तराला 'मॅडम, प्रॅक्टिकल वेगळं असतं' म्हणणारे सगळे त्या दिवशी माझ्या बाजूनं होते. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी राजूरशेजारच्या अकोले गावचा वायरमन दत्तू, ग्रुपवरचाच, त्याचा फोन आला. आनंदानं नुसता फुटत होता.

"मॅडम, लई भारी हाणलंत. मामीला बराबर बसलं."

"कुठल्या मामीला?"

"आता आमाला शिकिवता का," म्हणून तो हसला. मला खरंच माहीत नाही हे पटायला त्याला वेळ लागला. मग त्यानं सांगितलं. कोरोनात मामांचा वास गेला तो परत आलाच नाही. नाकाशी रॉकेल धरलं तरी कळत नाही. दुकानामागंच घर. तेव्हापासून दुकानात वास घेतात त्या त्यांच्या बायको, हिराबाई. त्या मोटारीला नाक लावून सांगतात आणि मामा ते ग्रुपवर बोलतात. राजूरला सगळ्यांना माहीत आहे, अकोल्याच्या मिस्त्री लोकांनाही. "तुमी कुत्रं म्हनलात, आमी वळखलं. आता बाजारात मामी दिसली का लोक यू यू करत्यात," असं तो मजेत सांगत होता.

मी फोन ठेवला. कॉलेजात मला चार वर्षं 'कोयता' म्हणायचे. ज्या मुलानं पहिल्यांदा म्हटलं त्याला माझे आईवडील तोडीला जातात हे माहीत नव्हतं, माझी जीभ चालते म्हणून तो म्हणाला होता. बाकीच्यांनी मात्र माहिती काढून मग म्हटलं. त्या पहिल्या मुलाला मी अजून माफ केलेलं नाही. आणि मी तेच करून बसले होते.

रात्री जेवण गेलं नाही, तरी अक्कल आली नाही. मी ग्रुपवर टाइप केलं: माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे. पुढं जोडलेले हात. खाली अंगठ्यांची रांग लागली. 'मोठं मन, मॅडम.' 'याला म्हणतात संस्कार.' लुगड्याचं चित्र टाकणाऱ्यानंही लिहिलं, विषय संपला. कुणाला काय लागलं त्याचं नावसुद्धा न घेता माफी मागून झाली होती आणि वर कौतुकही झालं होतं. मला त्यांची घाण वाटली आणि त्याहून जास्त माझी.

मामांचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. नवव्या दिवशी मी रजा टाकली आणि संगमनेरवरून राजूर गाठलं.

मामा उंबऱ्याच्या आत बसून तार भरत होते. बारीक माणूस, डोक्यावर टोपी, चष्म्याच्या एका काडीच्या जागी तांब्याची तार. मी नाव सांगितलं. त्यांनी पंजा वर केला. मी उभी राहिले. चार तास गाडीत मनात जुळवलेली माफी तोंडाशी आलेली आणि समोर माणूस पुटपुटतोय, एक्केचाळीस, बेचाळीस. साठला गाठ पडली, पंजा खाली आला.

"तुमी का इंजिनेर? मला वाटलं उंच आसाल."

कोपऱ्यात एक स्टेटर, म्हणजे मोटारीचा तारा भरलेला भाग, कोळशासारखा काळा पडून होता. माझी नजर गेलेली पाहून तेच म्हणाले, परवाची. वार्निश लावून भट्टीत ठिवली, काढायची येळ कळलीच न्हाई. आमची ही आसती तर दारातनंच वरडली आसती का झालं म्हनून.

मी विचारलं, मामी कुठं आहेत. घरात, म्हणाले. दुकानात येत न्हाई, बाजारातही जात न्हाई. आल्यागेल्यासमोर आता वास घेनार न्हाई म्हनली, कवाच न्हाई.

म्हणजे माझ्या एका ओळीनं त्या दुकानाचं नाक गेलं होतं. आणि त्या बाईचं या वयात हातात आलेलं काम गेलं होतं. मी म्हटलं, मी त्यांची माफी मागायला आले आहे. मामा आतल्या दाराकडं बघत राहिले.

मामी चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, सावळ्या, हातात हिरव्या बांगड्या. कप मला देण्याआधी त्यांनी सवयीनं नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघून चटकन खाली घेतला. मला तो कप धरवेना.

मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, मामी, वास घ्यायला कुत्रं पाळलंय का, असं मी लिहिलं. वास तुम्ही घेता हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलं तरी कुणाच्या कामाला असं बोलायला नको होतं. नंतर मी माफी लिहिली, त्यात तुमचं नाव घातलं नाही, तीही खोटीच होती. माझं चुकलं.

मामींनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "कुत्र्याचं न्हाई वाईट वाटलं बाई. कुत्रं चांगलं आसतं. तुमाला ठावं नव्हतं, हे बी खरं आसंल." आणि हनुवटीनं मामांकडं दाखवलं. "ह्यांला ठावं हुतं. फोन टुंग टुंग वाजत हुता, आन हे पालथा घालून तार भरीत बसले. शेंगा म्या सांगितल्या, तूप म्या सांगितलं. नाव झालं तवा मुठेचं नाक. शिव्या आल्या तवा माजं."

मामा मान खाली घालून तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते. मी तिथं असायला नको होतं, पण निघता येईना. मग त्यांनी फडक्यानं हात पुसले, फोन घेतला, बटण दाबलं. 'घाई न्हाई' या वेळी नव्हतं.

"ऐका मंडळी, राजूरवरनं मुठे बोलतोय. करोनापासनं मला वास येत न्हाई. वासाचं जे जे मी सांगितलं ते आमच्या हिराबाईनं सांगितल्यालं. मी माज्या नावावर खपिवलं, कारन मिस्त्रीला नाक न्हाई म्हनायची लाज वाटली. मॅडमला ठावं नव्हतं, मला हुतं. तुमी चित्रं टाकीत हुता तवा मी गप बसलो. हिराबाई, ही चूक माजी हाय."

फोन ठेवला. मामी म्हणाल्या, "बरं," आणि कपबशा उचलून आत गेल्या. दुकानात आल्या नाहीत. मामांनी मला अडवलं नाही, बसाही म्हणाले नाहीत.

मी संगमनेरला पोचेपर्यंत तो व्हॉइस पुसलेला होता. ॲडमिनची सूचना आली होती: ग्रुप फक्त टेक्निकल चर्चेसाठी आहे, वैयक्तिक विषय टाळावेत. पुढं जोडलेले हात. लुगडं नेसलेलं कुत्रं मात्र वर तसंच होतं, ते बहुधा टेक्निकल असावं. मी ॲडमिनला फोन लावून भांडले. तो म्हणाला, मॅडम, तुमची माफी झाली ना, आता म्हातारा-म्हातारीचं त्यांच्या घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मामांनी तेच सगळं पुन्हा बोलून पाठवलं. दुपारी ते पुसलं गेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शब्द तेच, फक्त मागचा कोंबडा वेगळा. ॲडमिननं आधी समज दिली, मग काढून टाकायची धमकी दिली. मी मामांना फोन केला, किती दिवस पाठवणार. म्हणाले, फेरे चालू हाईत, मधी इचारू नगा.

अकराव्या दिवशी ॲडमिन कंटाळला. तो व्हॉइस राहिला. खाली कुणी अंगठाही दाखवला नाही. एरवी गुड मॉर्निंगला फुलं पाठवणारी माणसं, एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. दत्तूनं मला वेगळं कळवलं, मामानं पार लाज घालवली, बाईमाणसाची माफी कुणी चारचौघांत मागतं का. मी ग्रुपवर त्या व्हॉइसखाली एकच शब्द लिहिला: ऐकलं.

त्यानंतर मामांना मी एकदाच पाहिलं. दोनेक महिन्यांनी भंडारदऱ्याच्या एका हॉटेलात पॅनल बसवायला निघाले होते, वाटेत राजूरला गाडी थांबवली. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोरून माणसांची रीघ चाललेली. मामा पायरीवर बसले होते आणि शेजारी मामी. मी काही न बोलता आधी फोटो काढला. नंतर ग्रुपवर टाकला तोही मीच, दोघांची नावं लिहून. मामा गेले त्या सकाळी कुणीतरी मामींना कापून तोच वापरला.

फोटो काढून मी फोन खाली घेतला तोच एक गिऱ्हाईक खांद्यावरून मोटार घेऊन आलं आणि पायरीवर ठेवली. मामांनी झाकण काढलं आणि स्वतः मागं सरकून जागा करून दिली. मामींनी पदर खोचला, भर बाजारात वाकल्या आणि मोटारीला नाक लावलं.

समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी भुंकलं. हुबेहूब. पाच-सहा जण हसले. मी वळून बघितलं तर सगळे मोबाइलमध्ये डोकी घालून चहा पीत होते. कुणाच्या तोंडावरून काही कळू नये अशी ती सगळी तोंडं.

मामांनी मान वर केली. टपरीकडं सरळ बघितलं आणि हाताचा पंजा वर केला, फेरे मोजताना करायचे तसाच.

मामींनी डोकं उचललं नाही. आणखी एक लांब श्वास घेतला, सावकाश.

"शेंगा," त्या म्हणाल्या.

मग मामांनी पंजा खाली घेतला.